हो म्हणणारी गाडी

"बोल बाळा, बोल! आई आलीय तुझी!"

ऐकणाऱ्या बाबांनी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात टेकवला, डोळे मिटले, मान मागे टाकली. आणि गाडी बोलली. म्हणजे आतून घूंऽऽ असा आवाज आला, जरा वेळ चालला आणि बाबांनी हात उचलताच बंद झाला.

अंगणातल्या गर्दीने श्वास रोखून धरला होता, तो एकदम सोडला. माणसं कुंपणावर बसलेली, शेजारच्या जिन्यावर उभी, एक आजोबा तर प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले होते. गाडीत कुणी नव्हतं. किल्ली घरात खुंटीला होती. काचा बंद. एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आई गं, किल्ली नाही, ड्रायव्हर नाही, आणि हो म्हणतोय बघा कसा!"

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि माझं डोकं तापत होतं. माझा स्वभाव मुळातच तापट. त्यातून ती गाडी माझ्या भाच्याची होती आणि तो जाऊन महिना झाला होता.

विजेवर चालणारी टॅक्सी होती ती. भाचा तिच्यावर पोट भरायचा. एका दुपारी मोठ्या पुलाच्या मधोमध त्याने गाडी उभी केली, खाली उतरला, आणि बाजूने जाणाऱ्या ट्रकने त्याला उडवलं. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पुलावर, भर रहदारीत, हा खाली का उतरला, हे कुणालाच कळलं नव्हतं. माझ्या बहिणीला, म्हणजे ताईला, त्या एका प्रश्नाने पोखरून काढलं होतं. आणि ज्या माणसाला प्रश्न पोखरत असतो त्याच्या दारात उत्तरं विकणारा येतोच. हे बाबा असेच आले होते. भाच्याच्या टॅक्सीतून अधूनमधून जायचे, तेवढीच ओळख. लोक त्यांना ऐकणारे बाबा म्हणत, कारण मेलेल्यांचं त्यांना ऐकू येतं म्हणे. जिवंत माणसाचं एक वाक्य त्यांनी पुरतं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नाही.

"हो असेल तर तो बोलेल," बाबा गर्दीला समजावत होते. "नाही असेल तर गप्प राहील. देहाला अन्न लागतं, आत्म्याला शक्ती लागते. म्हणून ही केबल! ही चार्जिंगची केबल नाही मंडळी, हा प्राणाचा धागा आहे. हा तुटता कामा नये."

भिंतीवरच्या चार्जरमधून निघालेला तो प्राणाचा धागा गाडीच्या पोटात घुसला होता आणि वर हिरवा दिवा लुकलुकत होता.

ताई पुढे झाली. महिन्याभरात अर्धी झाली होती बिचारी. तिने गाडीकडे बघून विचारलं, "तुझ्या बायकोचे शब्द लागले का रे तुला? म्हणून उतरलास का?"

बाबांचा तळहात टेकला. घूंऽऽ.

गर्दीत कुजबुज उठली आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. दारात आमची सून, म्हणजे भाच्याची बायको, उभी होती. एका हाताने तिने लेकीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. चेहरा पांढराफटक. मला वाटलं होतं ती ओरडेल, भांडेल. ती मान खाली घालून आत गेली.

"उद्या शेवटचा प्रश्न," बाबा म्हणाले. "ती या घरात राहावी की नाही, हे त्यालाच ठरवू दे. आणि मग गाडी माझ्या आश्रमात नेऊ. तिथे त्याला शांती मिळेल."

आता कळलं ना गाडं कुठे चाललं होतं? सून म्हणत होती, टॅक्सी मी चालवते, परवाना काढते, घर मला चालवायचंय. गाडीला दुसरा वारस नको होता बाबांना.

मी दुसऱ्या गावी राहतो. बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करायचं माझं गॅरेज आहे. सुनेचाच फोन आला होता. "मामा, आई मला घरातून काढतायत," एवढंच बोलली आणि रडायला लागली. म्हणून मी धावत आलो होतो.

गर्दी पांगल्यावर मी ताईजवळ बसलो. आधी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. पण मी कसला ठरवल्यासारखा वागतो!

"ताई, अगं डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गाडी बोलते का कधी?"

"धाकट्या, तू नको सांगूस." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "मला तो आवाज माहीत आहे. रोज घरी आला की केबल लावायचा, बॉनेटवर एक चापट मारायचा, आणि हाच आवाज यायचा. मी आतून ओळखायचे, आला माझा पोर. दार उघडायचे. तो गेल्यापासून मी दार कुणासाठी उघडू? आणि त्या दिवशी बाबांनी हात ठेवला, आणि तोच आवाज आला रे! तोच!"

मीही डोळे पुसले. पण गॅरेजवाल्याचे कान वाईट असतात. ते रडतानाही ऐकतात. चापट मारायचा, असं ताई म्हणाली होती. धड गाडीला चालू व्हायला चापट कशाला लागेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई औषध घेऊन झोपली, तेव्हा मी सुनेला हाक मारली. "ये गं, जरा टॉर्च धर."

"मामा, नको." ती दारातच थांबली. "हात नका लावू. ते हो म्हणालेत."

मी वळून बघितलं. ही पोरगी शाळेत विज्ञान शिकलेली, हिशोबाला पक्की, नवऱ्याची टॅक्सी चालवायला निघालेली, आणि तिचासुद्धा विश्वास बसला होता!

"त्या सकाळी मी भांडले होते," ती म्हणाली. "पोरीला ताप होता, हे सुट्टी घेईनात. मी म्हटलं, जा, आणि परत तोंड दाखवू नका. दाखवलं नाहीच त्यांनी. मी बोलले म्हणूनच झालं, मामा. त्यांनीच सांगितलं ना?"

"त्याने काहीही सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "आणि ते मी तुला आत्ता दाखवतो. टॉर्च धर."

बॉनेट उघडलं. केबल लावलेलीच होती. अशा गाडीची बॅटरी चार्ज होताना तापते. म्हणून तिच्याभोवती पाणी फिरवतात, आणि ते फिरवायला एक छोटा पंप असतो, दोन मुठींत मावेल एवढा. आमचा भुताचा आवाज म्हणजे हा पंप, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. गाडी बंद असली, किल्ली खुंटीला असली, तरी चार्जिंग चालू असताना गाडीचा संगणक पंपाला हुकूम देतो. म्हणून तर केबल तुटू द्यायची नव्हती बाबांना. पण मग पंप सतत का चालत नव्हता? हात ठेवला तरच का?

मी स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड आला: बॅटरीच्या पंपाच्या सर्किटमध्ये बिघाड.

"हेच यायचं," सून म्हणाली. "यांनी दोनदा पंप बदलून घेतला. स्टँडवरच्या सगळ्यांच्या गाड्या त्याच गॅरेजला जातात. कोड आला की तिथला गॅरेजवाला म्हणतो पंप गेला. नवा बसवतो, कोड पुसतो. चार दिवसांनी पुन्हा तेच."

पंप खरंच नवाकोरा चकचकीत होता. मी कपाळावर हात मारला. अरे, पडद्यावर पंपाचं नाव आलं म्हणून पंपच वाईट? पडदा एवढंच सांगतो की या गल्लीत गडबड आहे. कुठल्या घरात आहे ते दारं ठोठावून बघावं लागतं!

मग वीज मोजायचा मीटर काढला. जाड नारिंगी केबलींच्या वाटेला जायचं नाही, त्या जीव घेतात. पंपाची वीज साध्या छोट्या बॅटरीतून येते. पंपाच्या प्लगवर तपासलं, वीज पूर्ण येत होती. हुकूमही येत होता. पंप मात्र गप्प. मग मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थिंगच्या वायरला लावलं आणि दुसरं छोट्या बॅटरीच्या ऋण टोकाला.

"इथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा," मी तिला सांगितलं. "बघ किती येतोय."

"बाराच्या वर, मामा."

"म्हणजे वीज पंपापर्यंत जाते, पण तिची परतीची वाट तुटलीय. आता तू तिथे, त्या डाव्या कोपऱ्याखालच्या पत्र्यावर तळहात दाब."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. मी म्हणालो, "दाब गं." तिने दाबला. आकडा धाडकन खाली आला आणि पंप बोलला. घूंऽऽ. तिने हात उचलला, आवाज बंद. पुन्हा दाबला. घूंऽऽ. पुन्हा उचलला. बंद.

गाडीच्या पुढच्या डाव्या दिव्यामागे, पत्र्याला बोल्टने जखडलेल्या त्या वायरीच्या टोकावर हिरवट पांढरा थर चढला होता आणि बोल्ट सैल होता. पत्रा जरा दबला की वायर टेकायची, सोडला की सुटायची; जोराची चापट बसली तर काही वेळ टेकून राहायची. एका बोल्टाचं काम. आमची सून टॉर्च धरून रडत होती आणि हसतही होती. "म्हणजे हे हो म्हणाले नाहीत? मामा, ते मला हो म्हणाले नाहीत?"

"तो काहीही म्हणालेला नाही, पोरी. पत्रा दबला, एवढंच झालं."

मग तिचं हसू थांबलं.

"मामा, गाडी चालवताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. गाडी आपोआप हळू व्हायची. मग हे उतरायचे, पुढे जाऊन इथेच चापट मारायचे, की दिवा विझायचा. मला हसून सांगायचे, गाडी लाडावलीय, थोपटल्याशिवाय चालत नाही." तिने माझा हात धरला. "मामा, पुलावर..."

मी तिथेच जमिनीवर बसलो. महिनाभर सगळं घर जो प्रश्न विचारत होतं त्याचं उत्तर माझ्यासमोर सैल लटकत होतं. ऊन रणरणत होतं, बॅटरी तापली, पंप थांबला, गाडीने जोर सोडला, आणि हा नेहमीसारखा चापट मारायला उतरला. बायकोचे शब्द नाहीत, शाप नाही, काही नाही. मी त्या दुपारी लहान मुलासारखा रडलो, सांगायला लाज वाटत नाही. त्या स्टँडवरच्या गॅरेजवाल्याने मीटर एकदा लावला असता तर माझा भाचा आज घरी जेवला असता.

ताई उठल्यावर मी सांगायला गेलो. तिने कानांवर हात ठेवले. "तुझी यंत्रं तुझ्यापाशी. माझा पोर माझ्यापाशी राहू दे."

मग संध्याकाळची वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता.

गर्दी आदल्या दिवशीपेक्षा मोठी होती. घरातून बाई हाकलताना बघायला लोक कामं टाकून येतात. बाबा आले, पांढरेशुभ्र, सुगंधाचा फवारा मारलेले. "धागा जोडलेला आहे ना?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"आहे की," मी पुढे झालो. "पण बाबा, मला एक सांगा, मेल्यावरही वीज कंपनीचा पाठलाग सुटत नाही का? केबल काढून बोलवा ना त्याला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे वटारले. "आत्म्याला शक्ती कुठून मिळणार?"

"बरं, केबल राहू दे. मग तुम्ही मागच्या दाराला हात लावा. किंवा उजव्या कोपऱ्याला. आत्मा काय फक्त डाव्या दिव्यापाशी भाड्याने राहतो?"

"हा कोण नास्तिक? माउली, याला बाजूला करा, लेकरू घाबरतंय आत!"

"धाकट्या, पाया पडते तुझ्या," ताई म्हणाली. तिच्या आवाजाने माझी मस्करी जागच्या जागी मेली.

"ताई, एकच गोष्ट करू दे. मग तू विचार, तूच ठरव. मी एक अक्षर बोलणार नाही."

ती बाजूला सरकली. मी बॉनेट उघडलं, माझ्या पेटीतून दोन चिमटे लावलेली वायर काढली. एक चिमटा पंपाच्या अर्थिंगला, दुसरा छोट्या बॅटरीच्या ऋण टोकाला. तुटलेल्या वाटेच्या शेजारून काढलेली दुसरी वाट, एवढंच. आणि पंप सुरू झाला. घूंऽऽ. बाबांचे दोन्ही हात त्यांच्यापाशीच होते. आवाज थांबला नाही. बाबांनी घाईघाईने कोपऱ्यावर हात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. आवाज चालूच.

"आत्मा कोपला!" बाबा ओरडले. "मागे व्हा! सगळे मागे व्हा!"

गर्दी मागे झाली. ताई पुढे झाली.

"बाळा, तुझ्या बायकोला घरातून काढू का?"

घूंऽऽ.

ती थांबली. तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, तिथे नात उभी होती. "नको ना रे काढू?"

घूंऽऽ.

"तिच्या शब्दांनी गेलास?" आवाज चालू. "नाही ना गेलास?" आवाज चालू. अंगणात आता कुणी हलत नव्हतं. ताईने बॉनेटच्या कडेवर दोन्ही हात ठेवले, आजारी माणसाच्या पलंगाशी उभं राहतात तशी वाकली आणि हळूच म्हणाली, "तू आत आहेस ना रे?"

घूंऽऽ.

मग इतक्या बारीक आवाजात बोलली की मला आणि सुनेलाच ऐकू आलं.

"तू नाहीस ना रे आत?"

आवाज चालूच राहिला. खरं सांगतो, त्या क्षणी ती वायर उपटून फेकावी आणि माझ्या बहिणीला तिचं खोटं परत द्यावं असं मला वाटलं. उभ्या आयुष्यात बरोबर ठरल्याचं एवढं दुःख मला कधी झालं नाही.

ताईने स्वतः जाऊन केबल उपटली. जरा वेळाने पंप थांबला. मग ती बाबांकडे वळली.

"तो तुम्हाला कितीदा गाडीतून सोडायचा. पुढच्या सीटवर बसायचात तुम्ही. केबल लावून तो चापट मारायचा, ते तुम्ही बघितलं होतं. होय ना?"

बाबा गप्प. नाही असेल तर गप्प, असं त्यांनीच सांगितलं होतं, पण हे गप्प बसणं कुणालाही कळलं असतं. कुंपणावरचे लोक खाली उतरले. खुर्चीवाले आजोबा म्हणाले, "अहो, आम्हाला आधीपासून संशय होताच," आणि खुर्ची उचलून चालू लागले. बाबा कधी सटकले ते मी पाहिलं नाही, कारण ताई सुनेसमोर जाऊन उभी राहिली होती.

"मग तो उतरला का गं?"

सुनेने सांगितलं. पिवळा दिवा, चापट, पूल. ताई ऐकत गेली. संपल्यावर तिने सुनेचा हात हातात घेतला, तोच हात, ज्याने दुपारी पत्रा दाबला होता. "मी तुझ्यावर घेतला गं आळ," ती म्हणाली, आणि दोघी पायरीवर बसून रडल्या. महिन्यात पहिल्यांदा एकत्र रडल्या असतील. मी बोल्ट घासून घट्ट केला. दुसरं काय करणार होतो?

आता ती टॅक्सी सून चालवते. संध्याकाळी येते, केबल लावते, पंप आपोआप सुरू होतो, चापटेविना. ताई आवाज ऐकून दार उघडते. आपला मुलगा आलेला नाही हे तिला रोज नव्याने माहीत असतं, तरी उघडते, आणि सुनेच्या हातातली पिशवी घेते.

माझं मात्र डोकं अजून शांत झालेलं नाही. पडद्याने सांगितलं म्हणून एकाने पंप बदलला आणि आमचा पोरगा गेला. बाबाने सांगितलं म्हणून आम्ही त्याची बायको रस्त्यावर काढायला निघालो. दोन्ही वेळा मीटर कुणी लावला नाही. तुमच्या दारातही एक दिवस कुणीतरी येईल, तुमचं दुःख ताजं असेल तेव्हाच येईल, आणि तुमच्या माणसाच्या आवाजात हो म्हणून दाखवेल. तेव्हा भांडू नका, वादही घालू नका. एवढंच म्हणा, हात काढा, आणि मग विचारा. आणि तरी हो आलं, तर उलटा प्रश्न विचारून बघा. फार रडू येईल. पण घरातलं जिवंत माणूस घरात राहील.